'सैराट'चा लांबलेला भाग

'सैराट'वर (२०१६) बोलायला लागलं की लोक गाण्यांवर बोलतात, नाहीतर शेवटावर. मधला हैदराबादचा भाग 'लांबला' असं आमच्या मोरिवलीतले लोकही म्हणतात, एमआयडीसीला लागून राहणारे. मला त्याचं नवल वाटतं. बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाणारी आर्ची आमच्या इतकी ओळखीची आहे! बुलेट चालवणारी आर्ची इथे फारशी कोणी पाहिलेली नाही.

चारही गाणी तोवर संपलेली असतात. पाटलाच्या मुलीला आता झोपडपट्टीतल्या खोलीत राहायचंय, अनोळखी भाषा शिकायचीय. तिच्यासाठी विहिरीत उडी टाकणारा परश्या इथे संशयाने तिच्यावर हात उगारतो. जात गावाकडे राहिली, पण पैशाची तंगी आणि नवरेपण सोबत आलं. नागराज मंजुळे हे घाई न करता दाखवतात, आणि ते मला पूर्वार्धापेक्षा मोठं काम वाटतं.

तक्रार एकच. त्यानंतर सिनेमा काही वर्षं ओलांडून थेट मूल, बरं घर, बरी वस्ती यांवर येतो. ती पायरी दोघं कशी चढले, हे मला बघायचं होतं.

कारण माझ्या वयाच्या इंजिनिअरांमध्ये एक समजूत पक्की आहे: आधी कमवा, फ्लॅट घ्या, मग घरचे आपोआप येतात. माझ्यासाठी सध्या स्थळं बघणं चालू आहे. 'आम्ही जात मानत नाही, मुलगा फक्त सेटल हवा,' असं घरी म्हणतात. बायोडेटात मात्र पोटजातीचा रकाना पगाराच्या वर आहे. जातीबाहेरच्या कुणाचं नाव घ्यायचं तर आधी त्याचं पॅकेज सांगायचं, हे आम्ही मैत्रिणी शिकलोय. 'सैराट' या हिशोबालाच हात घालतो. आर्ची-परश्या स्थिरावतात आणि घरचे खरंच येतात.

हिंदी 'धडक'ने (२०१८) कथा उदयपूरला नेली आणि जात पुसट केली. तिथे नायिका वाचते, नवरा आणि मूल मारले जातात. धक्का बसतो, पण ते एका रागीट घराण्याचं कृत्य वाटतं. 'सैराट'मधला प्रिन्स रागात येत नाही. आईने दिलेल्या भेटी घेऊन येतो, बसतो, आणि आर्ची पाहुण्यांसाठी चहा ठेवते.