काषाय वस्त्र आणि गळ्यातले पदक

फर्दापूरला आमच्या घरी दिवाळीची पहिली पणती लागण्याआधी उंबऱ्यावर दोन स्वस्तिके निघतात. आधी कुंकवाचे, मग रांगोळीचे. पूर्वी आई काढीत असे, आता सूनबाई काढते. हाताला वळण असे पडले आहे की, दिवा नसला तरी रेषा चुकायची नाही. या चिन्हाचा अर्थ घरात कधी कोणी विचारला नाही. विचारला असता तर 'शुभ असते' यापलीकडे कोणी काही सांगितलेही नसते.

यंदा मात्र तो विचारला गेला. माझी भाची जर्मनीत नोकरीला आहे. लग्नात तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, दिलेले सोन्याचे लहानसे पदक तिच्या गळ्यात असते. त्यावर स्वस्तिक कोरले आहे. कचेरीतल्या एक बाई एकदा बोलता बोलता त्या पदकाकडे पाहून थबकल्या आणि त्या दिवशी पुन्हा तिच्याशी बोलल्या नाहीत. भाचीने फोनवर विचारले, "मामा, काढून ठेवले तर आजीचे मन मोडल्यासारखे वाटते, आणि घातले तर लोकांना मी हिटलरवाली वाटते. मी काय करू?"

मी तत्काळ वडीलकीचे उत्तर दिले: "आपले चिन्ह हजारो वर्षांचे आहे. त्यांनी समजून घ्यावे." फोन ठेवला, आणि ते उत्तर मला पुरेनासे झाले. अंगावर एखादे चिन्ह धारण केले म्हणजे त्या चिन्हाखाली घडलेल्या अन्यायालाही आपण होकार दिला, असे होते काय? होत नसेल, तर त्या बाई गप्प का झाल्या?

आमच्या गावच्या माणसाला असा पेच पडला की त्याचे पाय लेण्यांकडे वळतात. फाट्यावरून बस धरली की थोड्याच वेळात माणूस वाघूर नदीच्या त्या नालाकृती कड्याशी उभा राहतो. दहाव्या लेण्यात उजव्या भिंतीवर छद्दंत जातकाचे चित्र आहे. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक. त्याची आज फार पडझड झाली आहे. याच लेण्यातल्या खांबावर १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरून ठेवले, आणि त्याच्यामागून आलेल्या अनेकांनी भिंतीही सोडल्या नाहीत. तरी सुळे पुढे ठेवल्यावर राणी कोसळते, तो प्रसंग अजून ओळखता येतो.

कथा अशी. छद्दंत हा हत्तींचा राजा. त्याच्या दोन राण्यांपैकी एकीच्या मनात मत्सर शिरला. ती मेली आणि पुढल्या जन्मी काशीच्या राजाची राणी झाली. मागचा राग आठवून तिने त्या हत्तीचे सुळे मागितले. सोनुत्तर नावाचा व्याध निघाला. त्याने खड्डा खणला, भिक्षूचे काषाय वस्त्र अंगावर घेतले आणि खड्ड्यात लपून विषारी बाण मारला. घायाळ हत्तीने त्याला सोंडेत पकडले खरे; पण अंगावरचे वस्त्र पाहताच त्याचा हात, म्हणजे सोंडच, थांबली. हे वस्त्र अर्हतांचे आहे, त्याचा मान राखला पाहिजे, असे म्हणून त्याने व्याधाला जीवदान दिले. आणि सुळे कापणे त्या व्याधाला जमेना, तेव्हा ते कापायलाही मदत केली. सुळे पाहून राणीचे काळीज फुटले.

कीर्तनकार या कथेतून हत्तीची क्षमा काढून दाखवतील, आणि ते योग्यच आहे. पण टीकाकाराने जरा त्या वस्त्राकडे पाहावे. कथाकाराने येथे 'कषाय' या शब्दावर मोठा मार्मिक श्लेष साधला आहे. कषाय म्हणजे तो भगवा-तांबडा रंग, आणि कषाय म्हणजे मनातला मळ. ज्याच्या मनातला कषाय गेला नाही, तो काषायाला पात्र नाही, असा त्या कथेचा निवाडा आहे. हत्ती फसलेला नाही. हा व्याध आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. वस्त्राचा मान आणि नेसणाऱ्याची लायकी या दोन गोष्टी तो वेगवेगळ्या तोलतो. वेषावरून माणूस ओळखू नये, एवढेच सांगून ही कथा थांबत नाही. माणसावरून वेषालाही दोषी धरू नये, असे ती सांगते.

हा दाखला भाचीच्या पदकाला लावून पाहू. स्वस्तिक हे काषाय वस्त्र. नाझी हा व्याध. हे चिन्ह त्याने दुसऱ्याच्या खुंटीवरून उचलले. श्लीमानने १८७० नंतर ट्रॉयच्या उत्खननात अशी चिन्हे असलेल्या वस्तू बाहेर काढल्या आणि युरोपातल्या आर्यवेडाला एक आयते बोधचिन्ह मिळाले. हिटलरच्या पक्षाने १९२० साली ते आपल्या झेंड्यावर घेतले, आणि त्यातून आर्यांचा विजय सुचवायचा आहे, असे हिटलरने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले. पुढे १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गला एकाच बैठकीत दोन गोष्टी झाल्या: हा झेंडा जर्मनीचा राष्ट्रध्वज ठरला, आणि ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारा कायदा झाला. चिन्ह आणि अन्याय यांचे असे एकाच दिवशी, एकाच मांडवात लग्न लागल्याचे उदाहरण इतिहासात विरळा. त्यानंतर दहा वर्षांच्या आत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

येथपर्यंत माझे पहिले उत्तर टिकते: दोष वस्त्राचा नाही. पण मामाच्या उत्तरात एक लबाडी होती, ती मला दहाव्या लेण्यातच कळली. क्षमा केली ती हत्तीने. बाण त्याला लागला होता. वस्त्राकडे पाहून राग गिळायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच होता. शेजारच्या रानात सुखाने चरणाऱ्या दुसऱ्या हत्तीने येऊन "वस्त्र पवित्र आहे हो, तू समजून घे" असे त्याला बजावले असते, तर ती कथा जातकात गेली नसती. मी फर्दापूरच्या ओसरीवर बसून त्या अनोळखी बाईंना नेमके तेच बजावीत होतो.

आणि आपल्याला खरोखरच हा भेद कळतो काय? आपण जगाला सांगतो की, आमचे स्वस्तिक वेगळे, त्यांचे वेगळे. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचे उपाहारगृह उघडले. आत हिटलरचे चित्र, नावाबरोबर नाझी चिन्ह. लोकांच्या लक्षात राहील असे नाव हवे होते, एवढाच हेतू असल्याचे चालकांचे म्हणणे होते. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला आणि थोड्याच दिवसांत नाव बदलले. पुढच्याच वर्षी मुंबईत पलंगपोसांच्या एका मालिकेला 'नाझी' हे नाव मिळाले. म्हणजे येथे घेतले होते ते आजीच्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक नव्हे, व्याधाच्याच अंगावरचे. आणि तेही शोभेसाठी.

खारघरपासून पनवेल किती दूर? त्या पनवेलला बेने इस्रायलांचे एकोणिसाव्या शतकातले प्रार्थनामंदिर आहे. ही मंडळी कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आली. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तने रचली. मराठी बोलणारा ज्यू आणि दारात स्वस्तिक काढणारी मराठी बाई हे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे शेजारी होते, आणि त्या रांगोळीने त्याला कधी भय वाटल्याचे ऐकिवात नाही. कारण ती काढणारीला तो ओळखत होता. खारघरच्या पाटीने मात्र त्याला भय वाटले. दोन्हीकडे आकृती जवळपास तीच. 'चिन्ह म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर या शेजाऱ्याइतके नेमके कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

आणखी एक घरगुती गोष्ट. आकाशवाणीची सकाळची संकेतधून ऐकत आपल्यातले कित्येक जण लहानाचे मोठे झाले. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे ज्यू संगीतकार युरोपातल्या त्या काळोखातून निसटून १९३४ साली मुंबईला आले होते. आपल्या पहाटेच्या चहाला ज्याने सूर दिला, त्याला ज्या चिन्हाने पळवून लावले, ते चिन्ह आपण उपाहारगृहाच्या पाटीवर मिरवले. "आम्हांला ठाऊक नव्हते" हे उत्तर एकदाच चालते. कोणी सांगितल्यावरही तेच घालणे म्हणजे होकार.

पण चिन्ह उतरवले म्हणजे मन धुतले गेले, असेही समजू नये. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्याचे वडील तेथे शिकवीत. त्यांचेच सहकारी ग्रिफिथ्स यांनी पुढे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. किपलिंगच्या पुस्तकांवर हत्तीचे मस्तक आणि स्वस्तिक अशी मुद्रा असे. नाझींचा जोर वाढला तेव्हा त्याने ती काढून टाकली. हे त्याने औचित्याने केले, यात शंका नाही. पण गोऱ्या सत्तेच्या मोठेपणाचे त्याचे गाणे काही त्याबरोबर उतरले नाही. आपल्याकडची पांढरी टोपी आठवा. स्वातंत्र्याच्या लढ्यात ती घालणाऱ्याची नोकरी आणि पाठ दोन्ही धोक्यात असत. पुढे तीच टोपी सत्तेच्या दारात रांगेने उभी राहिली. टोपी एकच होती, मात्र पहिल्या माणसाने तिची किंमत मोजली होती.

वेषाची ही दुसरी बाजू चॅप्लिनइतकी कोणी दाखवली नाही. 'द ग्रेट डिक्टेटर' हा त्याचा चित्रपट १९४० चा. त्यात त्याने स्वस्तिक वापरलेच नाही; हुकूमशहाच्या दंडावर दोन फुल्या लावल्या. हे मला फार मोठे कलाभान वाटते. खऱ्या चिन्हाला पडद्यावर उभे राहण्याचा मानही त्याने दिला नाही. शेवटी गरीब ज्यू न्हावी हुकूमशहाच्या गणवेषात सापडतो, सगळे त्याला हुकूमशहा समजतात, आणि तो त्या गणवेषातूनच माणुसकीचे भाषण करतो. छद्दंताची कथा येथे बरोबर उलटी झाली आहे. व्याधाने साधूचे वस्त्र घालून बाण मारला. न्हाव्याने जुलमी माणसाचे वस्त्र घालून करुणा सांगितली. न्यायालयालाही हा भेद करता येतो. जर्मनीत नाझी चिन्हे मिरवणे गुन्हा आहे. तरी काट मारलेले स्वस्तिक विकणाऱ्याला तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २००७ साली निर्दोष सोडले, कारण त्यातला विरोध उघड दिसत होता. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली नाझी चिन्हावर बंदी घातली, तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैनांचे धार्मिक स्वस्तिक त्यातून वगळले. जग इतका विवेक दाखवायला तयार आहे. तो मागताना आपलेही हात स्वच्छ हवेत.

आता भाचीचे उत्तर. आई कोणाकडे सांत्वनाला निघाली की लाल लुगडे बदलून साधे नेसत असे, आणि हळदीकुंकवाची कुयरी घरी ठेवून जात असे. लाल रंगाने काही पाप केले होते म्हणून नव्हे. त्या घरात माणूस गेले होते म्हणून. परत आल्यावर कुयरी पुन्हा देवघरात आपल्या जागी असायची. तिने दिलेल्या पदकाचा मान राखायचा तर तिच्या या रीतीनेच राखावा. कचेरीत ते पदराआड, सदऱ्याआड राहिले तर आजीचा अपमान होत नाही. पण त्याआधी त्या बाईंशी बोलायला हवे. पदक कोणाचे, कोठले, ते सांगावे. आणि मुख्य म्हणजे त्या गप्प का झाल्या ते विचारून, त्या सांगतील तितके ऐकून घ्यावे. नंतर पदक बाहेर ठेवायचे की आत, हे त्या दोघी मिळून माझ्यापेक्षा चांगले ठरवतील.

हे सगळे मी तिला आज फोन करून सांगणार आहे, आणि माझे पहिले उत्तर मागे घेणार आहे. इकडे सूनबाईने रांगोळीचा डबा काढला आहे. उंबऱ्यावर दोन स्वस्तिके यंदाही निघतील. फक्त शेजारच्या मुलीने "याचा अर्थ काय हो, काका?" असे विचारले, तर 'शुभ असते' एवढ्यावर मी थांबणार नाही.