चौकटीतील शून्य

आनुवंशिकतेच्या अध्यापनात पनेटच्या चौकटीस जे मानाचे स्थान मिळाले आहे, त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते. चौकट सोपी आहे. मातेची दोन जनुके वरच्या बाजूस, पित्याची दोन डाव्या बाजूस, आणि मधली चार घरे म्हणजे अपत्याचे चार समान संभव. मेंडेलच्या वाटाण्यांपुरती ती निर्दोष ठरते. तीच चौकट माणसांच्या घरात नेली म्हणजे मात्र दोष शिरतो; आणि कोकणात तो बहुधा डोळ्यांच्या वाटेने शिरतो.

रत्नागिरीस मांडवीवर संध्याकाळी फिरावयास आलेल्या कुटुंबांकडे पाहिले, तर एकाच आईबापांचे एक मूल घाऱ्या डोळ्यांचे आणि दुसरे काळ्याभोर डोळ्यांचे, हे दृश्य कोणास नवलाचे वाटत नाही. चित्पावनांच्या डोळ्यांची चर्चा तर जुनीच आहे. इरावती कर्वे यांनी १९२८ साली घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाचा विषयच चित्पावन समाज हा होता. त्यामुळे ‘काळा डोळा प्रभावी, घारा अप्रभावी’ हे उदाहरण शिक्षकांच्या जिभेवर सहज बसते. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की आईबाप दोघेही घारे असता काळ्या डोळ्यांच्या अपत्याचा संभव शून्य.

हे शून्य चिंत्य आहे. मूळ सिद्धांत १९०७-०८ च्या सुमारास डॅव्हनपोर्ट व हर्स्ट यांनी मांडला, आणि तोही युरोपीय लोकांच्या निळ्या डोळ्यांसंबंधी. आपला ‘घारा’ हा शब्द करड्यापासून पिंगटापर्यंत अनेक छटा पोटात घेतो. पंधराव्या गुणसूत्रावरील ओसीए-२ व एचईआरसी-२ या शेजारच्या जनुकांचा यात मोठा वाटा आहे खरा; परंतु १९५,००० च्या आसपास व्यक्तींच्या पाहणीवरून २०२१ साली डोळ्यांच्या रंगाशी संबंधित अशी ६१ स्थाने नोंदविली गेली. इतकी स्थाने असताना दोन घाऱ्या आईबापांना अधिक गडद डोळ्यांचे मूल होणे विरळा म्हणता येईल, अशक्य म्हणता येणार नाही.

शून्याचा याहून गंभीर प्रसंग रक्तगटाचा आहे, आणि तो मुंबईतच उघडकीस आला. प्रचलित कोष्टकाप्रमाणे मातापित्यांपैकी एकाचा गट एबी असल्यास अपत्याचा गट ओ असू शकत नाही. १९५२ साली भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांचे सहकारी यांनी असे रक्त वर्णिले, की जे नेहमीच्या तपासणीत ओ भासते. पण प्रत्यक्षात त्यात एच हे द्रव्यच नसते. ए आणि बी ही दोन्ही द्रव्ये एचवर रचली जातात. पायाच नाही म्हणून भिंत उभी राहत नाही. ए किंवा बी जनुक मात्र त्या व्यक्तीच्या ठायी शाबूत असते व पुढील पिढीत प्रकटही होते. म्हणजे एबी मातेस ‘ओ’ भासणारे मूल होणे शक्य आहे, आणि तशा ‘ओ’ भासणाऱ्या स्त्रीस ओ गटाच्या पतीपासून ए गटाचे मूल होणेही शक्य आहे. कोष्टक दोन्ही ठिकाणी शून्य लिहिते. आपल्या देशात हा गट सुमारे दहा हजारांत एक असा सांगतात. नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो, आणि मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक जातींत रूढ आहे. अशा घरी कोष्टक हाती घेऊन कोणी एखाद्या स्त्रीच्या शीलावर शंका घेतली, तर अन्याय निसर्गाचा नव्हे, कोष्टक वाचणाऱ्याचा होय. कोष्टकातील शून्य हे गृहीतकाचे असते. गृहीतक डळमळले की शून्यही डळमळते.

‘चारांत एक’ या अपूर्णांकाचीही तीच गत. विदर्भात सिकलसेलचे जनुक अनेक समाजांत आढळते. दोन्ही वाहक असलेल्या दांपत्यास चारांत एक असा संभव सांगितला, की पहिले मूल आजारी निपजल्यावर पुढील तिघे सुखरूप, असा अर्थ घेतला जाण्याचा धोका असतो. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणेस संभव तितकाच राहतो. सारीपाटाच्या फाशास मागील दान आठवत नाही. अशा दांपत्यास चार मुले झाली तर त्यांतील नेमके एकच आजारी असण्याचा संभव ६४ त २७, म्हणजे शेकडा ४२. एकही आजारी नसण्याचा शेकडा ३२ च्या घरात. हा हिशेब चौकटीत दिसत नाही. तो वेगळा शिकवावा लागतो.

अनेकजनुकी गुणांपुढे तर चौकट निरुपयोगीच. उंचीसंबंधी ५४ लाख व्यक्तींच्या माहितीवरून २०२२ साली सुमारे बारा हजार भेद हाती लागले. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांवरून उंचीतील तफावतीचा शेकडा ४० भाग उलगडतो, इतरांत बराच कमी. तरीही ‘खाण तशी माती’ म्हणणारे थकत नाहीत. गंमत अशी, की हापूसची कोय पेरून हापूस मिळण्याचा भरवसा नाही म्हणून कलम बांधणारा रत्नागिरीचा बागायतदारही स्वतःच्या मुलाविषयी हीच म्हण वापरतो.

बुद्धीचा आनुवंश मानून जातिभेदास शास्त्राचा टेकू देऊ पाहणाऱ्यांस, मूळचे याच जिल्ह्यातील आंबडवे गावच्या घराण्यातले डॉ. आंबेडकर यांनी १९३६ साली उत्तर दिले. जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात त्यांनी बेटसनचाच आधार घेतला: उच्च मानसिक गुण कोणत्याही एकाच संक्रमणपद्धतीने उतरतात असे मानावयास जागा नाही, ते अनेक घटकांच्या योगायोगाने घडत असावेत. बेटसन हा मेंडेलचा कट्टर पुरस्कर्ता, हे ध्यानी घेतले म्हणजे या साक्षीचे वजन कळते. आमचे अनेक पाठ्यलेखक मेंडेलचे नाव घेतात, बेटसनची ही मर्यादा मात्र गाळतात.

चौकट टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्या माथ्यावर गृहीतके लिहावीत. आणि रक्तगटाचे कोष्टक ज्या तासाला फळ्यावर येते, त्याच तासाला १९५२ चा मुंबईचा शोधही यावा. आज अनेकदा तो पुढील वर्षाच्या टिपांपुरता उरतो.