कबुली कोणाची, मौन कोणाचे?

गुन्ह्याची कबुली देणारे वाङ्मय मराठीत फार थोडे आहे. जे आहे त्यात मुनव्वर शहा याच्या ‘येस, आय ॲम गिल्टी’ या पुस्तकाची जागा वेगळी आहे. फाशीची शिक्षा झालेल्या एका तरुणाने तुरुंगात ते लिहिले. आत्मकथन म्हणून लिहिलेले हे पुस्तक वाचले मात्र जाते ते एखाद्या काळ्याकुट्ट मनोविश्लेषक रहस्यकथेसारखे. दौलताबादच्या परिसरातील ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथील विद्यार्थी आणि गावातील काही जुने वाचक यांनी गेल्या वर्षभरात हे पुस्तक हातोहात वाचले. त्यांची मते मी टिपून ठेवली. पुस्तकाइतकीच ती मतेही मला विचार करायला लावणारी वाटली, म्हणून हा लेख.

प्रथम घटना. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे मित्र. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला तरुण होता आणि शेवटचा बळी एका कॉलेजमित्राचा भाऊ. मधल्या काळात जोशी आणि अभ्यंकर ही दोन कुटुंबे घरात शिरून संपवली गेली. संस्कृत व्याकरणाचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे त्यांपैकी एक. पुण्याच्या पेठांत आणि बंगल्यांत संध्याकाळ झाली की दारे बंद होऊ लागली. चौघे पकडले गेले. त्यांच्याच सोबतीतला सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. मे १९७८ मध्ये खटला उभा राहिला, २८ सप्टेंबर १९७८ रोजी फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. १९८६ साली याच प्रकरणावर ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट निघाला. नाना पाटेकर त्यात होते.

आता वाचकांची मते. सर्वांत अधिक ऐकू आलेले मत असे, की पुस्तक खाली ठेववत नाही. दुसरे मत संगतीविषयीचे. पोरगा वाईट नव्हता, संगत वाईट होती, एका मित्राच्या प्रभावाखाली बाकीचे वाहवत गेले, असे एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे. तिसरे मत पश्चात्तापाचे. इतक्या मोकळेपणी गुन्हा कबूल करणाऱ्याला फाशी द्यायला नको होती, असे काही विद्यार्थ्यांना वाटते. चौथे मत द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे. तिने विचारले, पकडला गेला नसता तर हे पुस्तक त्याने लिहिले असते का? आणि पाचवा तर प्रश्नच होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तो विचारला: सर, आमच्या गावात वस्ती जाळणाऱ्यांपैकी कोणी असे पुस्तक लिहिले आहे का?

पहिली तीन मते एका कुळातली आहेत. ती खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. पुस्तक खाली ठेववत नाही, कारण माणूस आपल्या मित्राला कसा मारू शकतो हे कोडे कोणालाही झोपू देत नाही. परंतु या तिन्ही मतांत एक सोय दडलेली आहे. गुन्हा एका टोळीत आणि टोळीतला गुन्हा एका म्होरक्यात कोंडून टाकला, की वाचक मोकळा होतो. विकृती त्यांची, भीती आपली, आणि शेवटी न्याय सरकारचा! रहस्यकथेचा वाचक नेहमी हेच सुख शोधतो. पुस्तक मिटताना त्याला आपल्या हातांकडे पाहावे लागत नाही.

डोस्टोएव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधील रास्कोल्निकोव्हही खून करतो. पण तो खून एका विचाराच्या पोटातून येतो. काही माणसे असामान्य असतात, त्यांना सामान्यांचा जीव घेण्याचा अधिकार असतो, हा तो विचार. डोस्टोएव्हस्की त्या विचारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. गुन्हेगाराच्या मनाचा शोध घेणारे साहित्य मोठे होते ते इथे. मनाच्या तळाशी त्याला समाजाचा विचार सापडतो. आपल्याकडे असा विचार शोधायला दूर जावे लागत नाही. काही माणसे जन्मानेच वरची आणि काही जन्मानेच खालची, हे आपल्या मातीत हजारो वर्षे धर्म म्हणून शिकवले गेले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मे ते सप्टेंबर १९७८ या काळात पुण्यात हा खटला चालू होता. महाराष्ट्राचा पांढरपेशा वाचक रोज सकाळी वर्तमानपत्रात त्याची हकीकत वाचत होता. याच काळात, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शेकडो गावांत दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत ४ ऑगस्ट रोजी पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात एका शहरात चार मित्रांचा न्याय होत होता आणि शेकडो गावांत जमाव मोकळा फिरत होता. त्या चौघांची नावे महाराष्ट्राला तोंडपाठ झाली. जमावाला मात्र नाव नसते. त्याला ‘लोकक्षोभ’ म्हणतात.

माझे वडील तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. आमच्या वस्तीवर चालून आलेल्यांत कोण होते, असे मी एकदा त्यांना विचारले. त्यांनी जी नावे सांगितली त्यांत दोघे असे होते, की ज्यांच्याबरोबर त्यांनी गुरे राखली होती, ओढ्यात पोहले होते, चिंचा पाडल्या होते. आज ते दोघे म्हातारे आहेत. भेटले की वडिलांना रामराम करतात, नातवंडांची चौकशी करतात. त्या रात्रीविषयी मात्र एक शब्द नाही. अपराधी मित्रांची गोष्ट ती हीच! पुण्यात ती दहा खुनांनंतर कोर्टात आली आणि पुस्तकात आली. आमच्या गावात ती रामरामाच्या खाली गाडली गेली.

त्याच १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेने त्यातील वेदनेविषयी पुष्कळ लिहिले, पण एका गोष्टीकडे कमी लक्ष दिले. ‘बलुतं’ ही आरोपी नसलेल्या माणसाची कबुली आहे. पवार समाजावर बोट ठेवतात, त्याच वेळी स्वतःचा भित्रेपणा, संसारातले स्वतःचे वागणे, आपल्याच माणसांपासून तुटत जाणे हे सारे उघड्यावर मांडतात. ज्याच्यावर अन्याय झाला तोच स्वतःची झडती देतो आहे. त्याआधी, १९६३ साली, बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत जात उघडी पडताच कालपर्यंत मान देणारे सोबती नायकाला बेदम मारतात. आणि मार खाल्लेला तो माणूस मारणाऱ्यांच्या हातांमागे उभा असलेला मनू पाहतो. मारणाऱ्यांच्या मनाचा शोधही मार खाणाऱ्यानेच घ्यायचा! दलित साहित्याने दोन्ही बाजूंचे काम एकट्याने केले आहे. मारणाऱ्याने लिहिलेले ‘होय, मी दोषी आहे’ हे पान मराठीत कोरेच राहिले आहे.

म्हणून मी मुनव्वर शहाच्या पुस्तकाला तुच्छ लेखत नाही. आपल्यातील काही मित्र म्हणतील, पुण्याच्या एका खुनी टोळीच्या पुस्तकाशी आपल्या चळवळीचा काय संबंध? संबंध आहे. अपराध करणाऱ्याने ‘मी’ म्हणून बोलावे, ‘आम्ही गावकरी’ म्हणून लपू नये, एवढी गोष्ट तरी या पुस्तकाच्या नावातच आहे. त्या विद्यार्थिनीची शंका रास्त आहे. पकडल्यानंतरचा पश्चात्ताप हा अर्धा पश्चात्ताप असतो. पण आपल्या गावांनी तो अर्धाही दाखवलेला नाही.

माफीच्या साक्षीदाराचा कायदा काय सांगत होता? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ प्रमाणे माफी मिळे ती एका अटीवर: ठाऊक असलेले सर्व, पूर्ण आणि खरे सांगायचे. काही लपवले तर माफी जाऊ शके. कायद्यानेदेखील माफीची किंमत सत्य हीच ठरवली होती. आम्हांला मात्र सांगितले जाते की झाले गेले विसरा, गावाची एकी राखा. म्हणजे सत्य न सांगता माफी! असा साक्षीदार कोणत्या न्यायालयाने मान्य केला असता?

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना गावाने मारले. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही आणि कारण ठरले ते सूडाचे. फाशी रद्द झाली याचे मला दुःख नाही. माझा आक्षेप कारणाला आहे. संगत, विकृती, सूड, वैर हे रहस्यकथेचे शब्द आहेत. निवृत्त शिक्षकांनी पुण्याच्या पोरांबद्दल जो शब्द वापरला, त्याच जातीचा शब्द इथे निकालपत्रात शिरला. जात हा शब्द मात्र दाराबाहेर उभा राहिला.

दौलताबादच्या वाचकाने हे सारे वाचताना आपल्या किल्ल्याकडे एकदा पाहावे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह हा किल्ला पाहायला आले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने भरलेली तोंडे त्यांनी दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने धुतली आणि धेडांनी पाणी बाटवले अशी ओरड झाली. जमाव धावून आला. ही हकीकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. ते जमावाच्या मनाचे विश्लेषण करीत बसले नाहीत. तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ देणार की नाही, असे त्यांनी सरळ विचारले. जमाव गप्प झाला. मग किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला आणि पाण्याला कुठेही शिवायचे नाही अशी ताकीद मिळाली.

गप्प होणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे त्या प्रसंगाने शिकवले. प्रश्नाने जमाव थांबतो, पण बदलत नाही. बदलायचा तर जमावातल्या एकेकाला ‘मी’ म्हणावे लागेल. माझी मराठीच्या सवर्ण लेखकांकडे मागणी एवढीच आहे. आमच्या दुःखावर तुम्ही आता लिहू नका, ते आम्ही लिहितो. तुमच्या घरातल्या त्या रात्रींवर लिहा. आजोबा हातात काय घेऊन बाहेर पडले होते, पहाटे घरी परतल्यावर आजीशी काय बोलले, दुसऱ्या दिवशी गुराख्या मित्राच्या जळालेल्या घरावरून जाताना त्यांनी मान कुठे वळवली, हे लिहा. ते पुस्तक आले तर माझे विद्यार्थी तेही हातोहात वाचतील. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला देण्यासाठी माझ्याजवळ एक उत्तर असेल.