पाचवा रकाना

आमच्या सिनेमा मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणीही नाही. पाच शिक्षक, एक उसना प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि गणितवाल्या सरांच्या घरची माडी, एवढेच भांडवल. महिन्यातून एका शनिवारी इशाच्या नमाजनंतर आम्ही जमतो. सिनेमा संपला की चहा येण्याआधी प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठीवर गुण लिहायचे, चिठ्ठी घडी करून ठेवायची आणि मगच तोंड उघडायचे, असा नियम आहे. शिक्षकांची जात! उत्तरपत्रिका तपासल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही.

गुण शंभरपैकी. कथा, अभिनय, दिग्दर्शन, संगीत आणि पाचवा रकाना ‘ओळख’, प्रत्येकी वीस. पाचवा रकाना सुचवला उर्दूच्या सरांनी. त्यांचे म्हणणे असे, की हिंदी सिनेमात मुसलमान पुष्कळ दिसतो, पण तो आपल्या गल्लीतला असतो का, याचा हिशेब कोणी तरी ठेवायला हवा. पडद्यावर आपण आपल्याला दिसतो की नाही, याचे वीस गुण.

सुरुवातीला हा रकाना फार सोपा वाटला. १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’ पाहिला. लखनौ, नवाबी घरे, बुरख्यामुळे होणारी गफलत आणि त्यातून मैत्रीची कसोटी. रवीच्या संगीताला आम्ही वीसपैकी वीस दिले. शीर्षकगीत तेवढे पुढे रंगीत झाले, त्या रंगांवर ड्रॉइंगचे सर अर्धा तास बोलले. ओळखीच्या रकान्यात मात्र चार, तीन, पाच. १९६३ च्या ‘मेरे महबूब’चेही तेच. अलिगढचे विद्यापीठ, हातातून पडलेली पुस्तके, नौशादच्या चाली. डोळे सुखावले, पण त्या हवेल्यांत आमचे कोण राहत होते? आमच्या घरांत दखनी बोलतात. ‘हमना’, ‘तुमना’, ‘नक्को’, ‘कायकू’ हे आमचे शब्द. शाळेत उर्दू, बाजारात मराठी. आदाब करायला हात कपाळापर्यंत नेणारा मनुष्य आम्ही गावात पाहिला तो मुशायऱ्याच्या मंचावरच. या सिनेमांतला मुसलमान आम्हाला तितकाच परका, जितका तो शेजारच्या कुलकर्णी गुरुजींना.

मग ‘गर्म हवा’ आला आणि रकान्याची व्याख्याच डळमळली. १९७३ चा हा एम. एस. सथ्यू यांचा सिनेमा, इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी लिहिलेला. फाळणीनंतरचा आग्रा, जोड्यांचा कारखाना, सलीम मिर्झाच्या भूमिकेत बलराज साहनी. आमच्यापैकी कोणाचेही घराणे आग्र्याचे नाही, कोणाचा चपलांचाही कारखाना नाही. भाषा पुन्हा उत्तरेचीच. तरी पाचही चिठ्ठ्यांवर अठराच्या वर गुण. का? कारण सलीम मिर्झा भाड्याने घर शोधत हिंडतो आणि नाव सांगितले की दार मिटते. ते दार आमच्यापैकी दोघांनी मोठ्या शहरात स्वतः पाहिले आहे. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आजी लाकडांच्या कोठडीत लपून बसते आणि तिला उचलून बाहेर आणावे लागते. त्या ठिकाणी उर्दूच्या सरांनी चष्मा काढला, तो बराच वेळ पुन्हा घातला नाही. तेव्हा ध्यानात आले, की ओळख म्हणजे शेरवानी, बोली, खाणेपिणे इतकेच मोजून भागत नाही. पण मग मोजायचे काय? रकाना तसाच राहिला. व्याख्या कोणीच लिहिली नाही.

खरी पंचाईत ‘निकाह’ने केली. बी. आर. चोप्रांचा हा सिनेमा १९८२ चा. नीलोफर या नायिकेला पहिला नवरा रागाच्या भरात एका दमात तीनदा तलाक म्हणून मोकळा होतो. ती दुसरे लग्न करते. पुढे पहिला पस्तावतो, दुसरा गैरसमजाने तिला परत करायला निघतो, आणि ती दोघांनाही ऐकवते, की मी एकाने टाकावी आणि दुसऱ्याने उचलावी अशी वस्तू नाही. सलमा आगांनी भूमिकेबरोबर गाणीही स्वतः गायली आहेत. सिनेमा म्हणून त्यात दोष पुष्कळ आहेत. दुःखसुद्धा झुंबराखाली बसून करायचे, अशी एकूण मांडणी. संवाद कानाशी कमी आणि टाळ्यांशी जास्त बोलतात. कथेला आम्ही बेताचेच गुण दिले, ते आजही बदलणार नाही.

पाचव्या रकान्यात आम्हा चौघा पुरुषांचे गुण होते पाच, सहा, सहा आणि सात. हे लिहिणाऱ्याचे सहा त्यातलेच. पाचवी चिठ्ठी बाजींची. त्या आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी अठरा दिले होते.

गणितवाल्यांनी सवयीने बेरीज करून पाचाने भागले. आठ पूर्णांक चार. बाजी म्हणाल्या, “सर, हे आठ पूर्णांक चार कोणाचे? तुमच्यातल्या कोणी दिले नाहीत, मी तर नाहीच नाही.”

उर्दूचे सर म्हणाले, “पण बाजी, असे तलाक आपल्याकडे होतात कुठे? हा सिनेमावाल्यांचा चश्मा आहे. आपली बदनामी.”

“इथून तिसऱ्या गल्लीत झाला,” बाजी म्हणाल्या. “तिची मुलगी तुमच्याच वर्गात आहे, सर. तुम्हाला माहीत नाही, कारण तुमच्याशी ते कोण बोलणार?”

चहा आला, थंड झाला. आम्ही चौघांनी नीलोफरचे दागिने पाहिले होते, तिच्या घराचे जिने पाहिले होते आणि हे आपले नव्हे असे ठरवले होते. ‘गर्म हवा’त मात्र हवेलीकडे दुर्लक्ष करून दार मिटल्याचा आवाज तेवढा ऐकला. सवलत एका सिनेमाला दिली, दुसऱ्याला नाकारली. परीक्षकाने असे केले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज येतो, आणि यायलाच हवा. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा नेला, तो याच प्रश्नावर. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्दबातल ठरवला तो २०१७ साली. मधल्या एक्कावन्न वर्षांत आमच्यासारख्या किती बैठकांत या विषयावर ‘आपल्याकडे असे होत नाही’ असा शेरा पडला असेल!

बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनाचे निकष पाठ करायला लावले होते. वस्तुनिष्ठता हा त्यातला पहिला. सरासरीने वर्गाचा अंदाज येतो, मुलाचा येत नाही, हेही तिथेच शिकलो आणि विसरलो. फ्रान्सच्या ‘काइए द्यु सिनेमा’ मासिकात पन्नासच्या दशकापासून समीक्षकांचा एक तक्ता छापत. त्यात प्रत्येकाचे तारे त्याच्या नावासमोर स्वतंत्र असत. एकाच सिनेमाला एकाचे चार तारे आणि दुसऱ्याचा ‘जाऊ नका’ असा ठिपका, दोन्ही शेजारी नांदत. आम्ही आता तेवढे उचलले आहे. पहिल्या चार रकान्यांची बेरीज होते, पाचव्याची होत नाही. पाच आकडे, पाच नावे.

या नव्या पद्धतीने पाहिलेला पहिला सिनेमा ‘हलाल’. राजन खान यांच्या कथेवरचा, शिवाजी लोटन पाटील यांनी दिग्दर्शित केलेला मराठी सिनेमा, २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला. मुसलमान पात्रे पडद्यावर मराठी बोलतात, याचेच आम्हाला इतके अप्रूप की सुरुवातीची दहा मिनिटे कथेकडे लक्षच नव्हते. वहीत पाचव्या रकान्यात अकरा, चौदा, सोळा, पंधरा आणि नऊ असे आकडे आहेत. नऊ या वेळी बाजींचे नाहीत, गणितवाल्यांचे आहेत. त्यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझी आई भांडते दखनीत आणि हिशेब करते मराठीत. ती यात कुठे आहे?” बाजींनी त्यावर मान हलवली, पण स्वतःचे सोळा खोडले नाहीत. माडीवरून खाली उतरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.