दुवा आणि नक्षी

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो आणि तेवढ्यावरच हौशी माणसाच्या कामाची चर्चा आटोपती घेतो. कोणी सुटीच्या दिवशी घरी बसून चार वस्तू केल्या, तर त्यास ‘छान’ म्हणावे आणि चहाकडे वळावे, हा शिष्टाचार. आम्हीही तो वर्षानुवर्षे पाळला आहे. परंतु तीच वस्तू देवापुढे मांडली, अथवा स्पर्धेत ठेवली, म्हणजे ती खासगी राहत नाही. तिचा निवाडा करणे प्राप्त होते. असा एक निवाडा आम्ही गेल्या भाद्रपदात केला, आणि तो चुकला. प्रस्तुत लेख हा आमच्याच निकालाविरुद्ध आम्ही केलेला पुनर्विलोकनाचा अर्ज समजावा.

स्थळ सिल्वासा, लोकांच्या तोंडी सेलवास. दादरा व नगर हवेलीच्या या मुख्य ठिकाणी करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून मराठी कुटुंबे आली. त्यांतील काही हौशी मंडळींनी गणेशोत्सवात फ्रेटवर्कचे प्रदर्शन मांडले होते व परीक्षक म्हणून आम्हांस पाचारण केले होते. पातळ फळीतून अतिशय बारीक पात्याच्या करवतीने नक्षी कापून काढावयाची, असा हा छंद आहे. इंग्लंडातील डेरहॅम गावच्या ‘हॉबीज’ साप्ताहिकाने १८९५ पासून नमुन्यांचे कागद पुरवून तो तिकडे घरोघर पोचवला. हाताच्या करवतीबरोबर पायाने चालणारी यंत्रे तेव्हाही होती. आज ती विजेवर चालतात.

काम वरवर सोपे दिसते. परंतु त्याचा कायदा कडक आहे. आतली नक्षी कापावयाची तर प्रथम गिरमिटाने भोक पाडावे, पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवावे, पुन्हा ताणून बसवावे आणि मग कापावे. पाते उभेच ठेवावे; वळवावयाची ती फळी. आतली भोके आधी, बाहेरची कड शेवटी. कारण कड आधी सुटली तर हाती धरावयास बळकट असे काही उरत नाही. आणि सर्वांत मोठा नियम हा की, जे राहावयाचे ते कोठे तरी जोडलेले असलेच पाहिजे. कागदावर चित्रकार एक ठिपका अधांतरी ठेवू शकतो. येथे अधांतरी ठिपका म्हणजे जमिनीवर पडलेला तुकडा.

वकिलाला येथे एक खटला आठवल्यावाचून राहत नाही. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांच्या दमणपासून तुटलेले दोन तुकडे. १९५४ साली ते मुक्त झाले, तेव्हा पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, ती मधल्या भारतीय भूमीवरून जाण्याच्या हक्कासाठी. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयात न्यायालयाने असा हक्क सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता मान्य केला, सैन्य आणि शस्त्रांसाठी अमान्य केला, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे ठरवले. दुवा तुटला की तुकडा राहत नाही, हे राज्यकर्त्यांनाही शिकावे लागते.

तेव्हा या कलेतील वस्तू पाहताना आमची पहिली कसोटी ही की, दुवा कोठे आहे आणि तो तेथे का आहे? कामचुकार हात मागाहून एक काडी ठोकतो. जाणता हात विषयातूनच दुवा काढतो. या बाबतीत आपली देवनागरी भाग्यवान म्हटली पाहिजे. तिची अक्षरे शिरोरेषेला धरून असतात. ‘गणेश’ हे नाव कापले तर वरची रेघ साऱ्या अक्षरांना सांभाळते. अडचण येते ती अनुस्वाराची, आणि त्याहून अधिक ॐकाराच्या चंद्रबिंदूची. प्रदर्शनात ॐकार पुष्कळ होते. बहुतेकांत चंद्रबिंदूला खालून दोन खुंट्या दिल्या होत्या. त्याने पवित्र अक्षराला काठ्यांचा आधार दिल्यासारखे दिसत होते. एका गृहस्थांनी मात्र ॐकार वर्तुळात बसवून चंद्रकोरीची दोन्ही टोके वर्तुळाच्या कडेला टेकवली होती आणि बिंदू कडेलाच चिकटता ठेवला होता. दुवा होता, परंतु तो दुवा म्हणून डोळ्यांत येत नव्हता.

सिल्वाशाच्या भोवती वारली वस्ती मोठी. त्यामुळे वारली चित्रांवरून कापलेल्या वस्तूही होत्या. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक मिळालेले दोन त्रिकोण. ती जोडाची जागा म्हणजे कंबर, आणि लाकडात ती फार नाजूक. एकसंध फळीत लाकडाची रेषा आडवी आली तर कंबर मोडलीच म्हणावयाची. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असतात म्हणून ती टिकते. निवृत्त झालेल्या एका फिटरने तारपा नृत्य कापले होते. नर्तक हातांत हात गुंफूनच नाचतात, म्हणून साखळी आपोआप अखंड. बाहेरच्या फेऱ्यातील पावले चौकटीवर टेकलेली, आणि मधल्या वादकाच्या लांब तारप्याचे टोक आतल्या शेवटच्या नर्तकाच्या पायाला लागलेले. वाद्यच दुवा झाले होते! या कामाला आम्ही दुसरा क्रमांक दिला.

पहिला क्रमांक दिला तो एका तरुण अभियंत्याच्या घड्याळाला. वारली लग्नाचा चौक त्याने तयार नमुन्यावरून यंत्रावर कापला होता. चारी बाजूंच्या किनारींत शेकडो भोके, एकही कड फाटलेली नाही. हात खरोखर कसबी. आणि मध्ये, रिकाम्या केलेल्या जागी, घड्याळाची तबकडी. आम्ही भोके मोजीत राहिलो.

बक्षीस समारंभानंतर खानवेलकडच्या एक वारली शिक्षिका त्या वस्तूपुढे बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी आम्हांस शांतपणे विचारले, “साहेब, चौक काढलाय, तर लग्न कोणाचं? आणि देवी कुठे आहे?”

उत्तर आमच्यापाशी नव्हते. हा चौक सुवासिनी लग्नघरात तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. त्याच्या मध्यभागी असते ती पालघट देवी. तिच्यासाठी चौक आहे. किनारी तिच्या राखणीला आहेत. नमुना करणाऱ्याने तिलाच वगळले आणि तेथे काटे बसवले. आपल्या देवळाचा गाभारा कोणी इतक्याच सफाईने कोरून मूर्तीच्या जागी घड्याळ लावले असते, तर आपण ‘छान’ म्हणून चहाकडे वळलो असतो काय?

यावर कोणी म्हणेल की, वारली चित्र भिंतीवरून कधीच उतरले. खरे आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी (१९३४–२०१८) ते कागदावर आणले, जगभर नेले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा भिंत सोडणे हा अपराध नव्हे. म्हसे यांना आपण काय उचलीत आहोत हे ठाऊक होते; त्या तरुणाला नव्हते, आणि परीक्षक या नात्याने आम्हांलाही नव्हते. म्हणून दुसरी कसोटी: नक्षीचा लाकडाशी दुवा हवा, तसाच अर्थाशीही हवा. पहिला तुटला तर तुकडा खाली पडतो आणि चूक कळते. दुसरा तुटला तर काहीच पडत नाही. म्हणून तो अधिक जपावा लागतो.

हा प्रश्न केवळ वारली चित्रांपुरता नाही. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून लेझरने कापलेली लाकडी मखरे बाजारात विपुल झाली आहेत. एकाच नमुन्याची जाळी, एकच महिरप. ती कोणत्या देवाची, कोणत्या गावची, हे सांगता येत नाही. त्याच प्रदर्शनात सिंधुदुर्गाकडच्या एका बँक कर्मचाऱ्याने स्वतः आखून कापलेले मखर होते. गोव्याकडे व तळकोकणात गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळे-फुले, रानातल्या वस्तू बांधून माटोळी सजवतात, ती त्याने मखराच्या वरच्या पट्टीत उतरवली होती. सुपारीचे घोस, नारळ, आंब्याचे डहाळे, सारे आपापल्या देठांनी वरच्या दांड्याला लटकलेले. देठ हाच दुवा, जसा तो माटोळीत असतो. कडा काही ठिकाणी खडबडीत होत्या. पॉलिश कागद आणखी फिरवावयास हवा होता. त्या खडबडीत कडांपायी आम्ही त्याला उत्तेजनार्थही काही दिले नाही. आज निवाडा करावयाचा झाला तर पहिला क्रमांक त्या मखराला आणि दुसरा तारप्याला देऊ.

दिलेले बक्षीस परत घेता येत नाही, आणि त्या तरुणाच्या हाताचा तो अपमानही झाला असता. आम्ही त्याला शिक्षिकेचा प्रश्न तेवढा सांगितला. तो रागावला नाही. खरा चौक कोठे पाहावयास मिळेल, असे त्याने विचारले. तेही आम्हांला सांगता आले नाही. आम्ही त्याला शिक्षिकेकडेच पाठवले. पुढील भाद्रपदात परीक्षकाच्या खुर्चीवर त्यांना बसवावे, असे मंडळाला आम्ही लेखी कळवले आहे.