गलिव्हरची गादी आणि बाराचा घन

जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या (१७२६) राजकीय उपहासावर पुष्कळ बोललं गेलंय. मला आज त्यातला हिशेब तपासायचा आहे, कारण ती गोष्ट खरी वाटते ती बरीचशी या हिशेबामुळे.

लिलिपुटची माणसं गलिव्हरच्या उंचीच्या एक-बारांश. त्याच्यासाठी सहाशे गाद्या येतात. दीडशे एकत्र शिवल्या की लांबी-रुंदी भरते, आणि असे चार थर. बारा गुणिले बारा १४४, तेव्हा दीडशे हा अंदाज ठीकच. पण जाडीही बारापट हवी ना? थर चारच, म्हणून दगडी फरशी त्याच्या पाठीला जाणवत राहते. पुरती गादी व्हायला १७२८ लागल्या असत्या. पुढे बादशहाचे गणिती त्याचा शिधा ठरवतात, तो नेमका तितक्याच माणसांचा! क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, घनफळ घनाने, हे इथे पाठीला आणि पोटाला कळतं.

शिध्याचा हिशेब मात्र शरीरशास्त्राला पटत नाही. अंगातली उष्णता कातडीतून जाते, आणि कातडी १४४ पटच. मॅक्स क्लायबरने १९३२ साली मांडलेल्या नियमाने पाहिलं, तर सुमारे २७० जणांचं जेवण पुरलं असतं. अर्थात हे स्विफ्टला माहीत असणं शक्यच नव्हतं.

पण गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवलं होतं की प्राणी त्याच आकारात मोठा करत नेला तर त्याची हाडं टिकणार नाहीत. ब्रॉबडिंगनॅगचे राक्षस आपल्या साधारण बारापट. वजन १७२८ पट, हाडाचा छेद १४४ पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर बारापट भार. ती माणसं उभीच राहू शकणार नाहीत.

हा दोष आहेच. पण तो दुरुस्त केला तर काय होतं बघा. हत्तीसारख्या पायांचा राजा आपल्याला माणूस वाटणार नाही, आणि गलिव्हरने देऊ केलेली तोफेच्या दारूची विद्या तो किळसून नाकारतो, ते आपल्याला लागणार नाही. तो आपल्याशी समरूप आहे, म्हणूनच त्याचा नकार झोंबतो. लिलिपुटात स्विफ्टने भूमिती पाळून गोष्ट पटवली. इथेही भूमितीच पाळली, भौतिकशास्त्र सोडलं. माझ्या मते, हा सौदा त्याला परवडला.