वाळवंटातील पाऊस आणि आमचे यात्रालेखन

पवित्रभूमीची यात्रा करून आलेल्या भाविकाने वा धर्मगुरूने परतल्यावर लेख लिहावा, ही आपल्या समाजात आता रूढ झालेली प्रथा आहे. प्रथा चांगलीच आहे. परंतु या लेखांत एक प्रसंग इतक्या वेळा येतो की, वाचकाला तो पाठ झाला असावा. वाळवंटात आकाश काळवंडते, धुळीचे लोट उठतात, पाऊस कोसळतो, बस थांबते. मंडळी रोझरी म्हणू लागतात आणि पाहता पाहता आभाळ निवळते. देवाने आम्हांला वाचविले, या अर्थाच्या वाक्याने लेख संपतो. या प्रसंगाची वाङ्मयीन चिकित्सा करावी, असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते. तिचा आरंभ मात्र स्वतःपासूनच करणे भाग आहे.

कारण असा लेख आम्हीही लिहिला होता. जॉर्डनमधील पेट्रा येथे, सीक नावाच्या अरुंद घळीच्या तोंडाशी, एका स्थानिक रखवालदाराने आमच्या जथ्याला मागे फिरविले. आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन होते. आम्ही हुज्जत घातली. एवढे पैसे मोजून आलो आहोत, असेही सुनावले. तो बधला नाही. पुढे वादळ आले आणि जवळच्या कोरड्या ओढ्यातून गढूळ लोंढा वाहू लागला. लेखात आम्ही मेघांना आणि रोझरीला दीड पान दिले, रखवालदाराला अर्धे वाक्य. हुज्जत तर गाळूनच टाकली.

तो लेख आमच्या धाराशिव जिल्ह्यातील एका वृद्ध भगिनीला तिच्या नातवाने वाचून दाखविला. १९९३ च्या भूकंपात तिचे घर पडले होते. ती एवढेच म्हणाली, “फादर, तुमची प्रार्थना देवानं ऐकली, बरं झालं. पर आमची लेकरं झोपेतच गेली. त्यांना हात जोडायलाबी येळ मिळाला न्हाई. त्यांचं काय?”

आम्ही निरुत्तर झालो. तो प्रश्न ईश्वरविज्ञानाचा आहे, तसाच तो साहित्याचाही आहे.

८ एप्रिल १९६३ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, त्याच सीकमध्ये फ्रेंच यात्रेकरूंचा एक जथा अकस्मात आलेल्या पुरात सापडला. वीसहून अधिक जणांचा अंत झाला. त्यांचे नेते जाँ स्तेनमान हे धर्मगुरू होते, बायबलचे नामांकित अभ्यासक होते. तेही वाचले नाहीत. त्यांनी लिहिलेले येशूचरित्र १९६१ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घालण्यात आले होते. मग त्यांचा मृत्यू हा शिक्षा समजावयाचा काय? शिलोहाच्या बुरुजाखाली चिरडलेल्या अठरा जणांविषयी प्रभूने हाच प्रश्न उपस्थित केला आणि असा हिशेब मांडण्यास स्पष्ट नकार दिला, हे लूकने नोंदविले आहे. ‘आम्ही प्रार्थना केली म्हणून वाचलो’ असे लिहिणारा लेखक, स्वतःच्या नकळत, बुडालेल्यांविषयीही काहीतरी लिहून जातो. आमच्या लेखाचा खरा दोष तो होता.

उलट उदाहरण शोधण्यास आम्हांला दूर जावे लागले नाही. आमच्या जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. अभ्यासक त्यालाच प्राचीन तगर मानतात. या तगराचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात येतो. येथील कापड बैलगाड्यांनी भडोचला जात असे. त्याच ग्रंथात पेट्राकडे जाणाऱ्या वाटेचाही उल्लेख आहे. अज्ञात लेखक हा बहुधा व्यापारी होता. शैलीचा मोह त्याला नाही. तरी बिघडलेल्या निसर्गाविषयी लिहावे कसे, हे त्याच्याकडून शिकावे. कच्छच्या बाजूच्या आखातात गलबते कशी फसतात, धोक्याच्या खुणा कोणत्या, नर्मदेच्या मुखाशी भरतीचे पाणी कसे धावून येते, हे तो पुढच्या प्रवाशाच्या उपयोगासाठी सांगतो. आणि परक्या गलबतांना सुखरूप आत आणणारे स्थानिक कोळी तो विसरत नाही. आम्ही मात्र आमच्या रखवालदाराला अर्ध्या वाक्यात गुंडाळले.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याचे लेखन व्यवहाराचे. भाविकाचे लेखन श्रद्धेचे. हा युक्तिवाद पवित्र शास्त्रापुढे टिकत नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील तिसरा अध्याय वाचावा. तीन राजे सैन्यासह अदोमच्या रानातून निघाले आहेत. सात दिवसांनी पाणी संपते. अलीशा संदेष्टा सांगतो की, वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी हे खोरे पाण्याने भरेल. आणि खोऱ्यात खाचा खणण्यास फर्मावतो. सकाळी अदोमच्या बाजूने पाणी येते. वाळवंटातील पुराचे याहून अचूक वर्णन क्वचितच सापडेल. पाऊस पडतो एकीकडे आणि लोंढा येतो दुसरीकडे. पेट्राच्या घळीत डोक्यावर ऊन असता माणसे बुडतात, ती याच कारणाने. शास्त्रकाराने देवाची करणी सांगितली, पण पाण्याची दिशा गाळली नाही, खणणाऱ्यांचे श्रमही गाळले नाहीत. श्रद्धा आणि भूगोल त्याच्या लेखणीत एकमेकांचे वैरी नाहीत.

पेट्रा वसविणारे नाबातियन लोक हे जाणून होते. त्यांनी सीकच्या तोंडाशी बांध घालून, खडकातून बोगदा खोदून पुराचे पाणी वळविले होते. कालांतराने ती व्यवस्था मोडकळीस आली. १९६३ च्या दुर्घटनेनंतर, १९६४ मध्ये, बांध पुन्हा उभारण्यात आला. २०१८ च्या नोव्हेंबरात पूर आला, तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना पेट्रातून सुरक्षित हलविता आले. देशात अन्यत्र मात्र माणसे दगावली. आमच्या नळदुर्गात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल रचणाऱ्यांनाही पाण्याचा स्वभाव ठाऊक होता. पावसाळ्यात बांधावरून कोसळणारे पाणी पाहण्यास तेथे गर्दी होते. त्या दगडी हिशेबाचे वर्णन करणारे लेख किती? आणि आमचा जिल्हा कोरडा, असे म्हणता म्हणता २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने घरे वेढली. कोरड्या मुलखात पाणी सांगून येत नाही, हे समजण्यास आता आम्हांला वाळवंटात जाण्याची गरज उरलेली नाही.

२०२० च्या जानेवारीत याच धाराशिवात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. तो मान आपणा सर्वांना आपला वाटला. मान स्वीकारला की मोजमापही स्वीकारावे लागते. आपले यात्रालेखन केवळ धर्मग्रामातील कौतुकावर जगू नये. मराठी वाचकाने त्याला साहित्य म्हणून पारखावे आणि ते उतरावे.

कृतज्ञता लिहू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सुखरूप परतलेल्याने देवाचे आभार मानावेत. न मानील तो करंटा. परंतु आभार हे स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र होऊ नये. ज्याने अडविले त्याचे स्मरण असावे, जे परतले नाहीत त्यांचे स्मरण असावे आणि पुढे जाणाऱ्याच्या हाती एखादी उपयोगी खूण द्यावी. एवढे साधले तर वादळाचा प्रसंग पुन्हा पुन्हा आला तरी वाचक कंटाळणार नाही.

आमचा तो लेख आम्ही पुन्हा लिहावयास घेतला आहे. या वेळी तो रखवालदारापासून सुरू होतो. लिहून झाला की प्रथम त्या वृद्ध भगिनीलाच वाचून दाखवू.